घासाचं बी धरायचंय? मग शेवटच्या कापाची तारीख आधी ठरवा

मार्च उलटला की एकच प्रश्न दर वर्षी कानावर येतो. "घास जांभळा झालाय नुसता, फुलं बघवत नाहीत इतकी, पण शेंगा कुठंयत?" विचारणाऱ्याला मी उलट एकच विचारतो, शेवटचा काप कधी घेतला? उत्तर बहुतेक वेळा "पाडव्याच्या आसपास" असं असतं. मग पुढचं काही विचारायची गरज राहत नाही.

मोहोळ, माढा, पंढरपूर, सांगोला या सोलापूर जिल्ह्यातल्या पट्ट्यात दोन म्हशी असलेल्याच्या विहिरीकडेला चार वाफे घास असतोच. चारा म्हणून तो आपण बरा सांभाळतो. बी मात्र "उरलं तर धरू" अशा हिशोबानं धरतो आणि तिथंच चुकतो. काप आणि बी ही एकाच मुळावरची दोन देणी आहेत. कोणतं आधी द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं, हे ठरवलं नाही तर दोन्ही बुडतात. पुढची पद्धत लसूणघासासाठी, म्हणजे आपण नुसतं 'घास' म्हणतो त्यासाठी आहे. आरएल-८८ सारखी तीन-चार वर्षं टिकणारी जात धरून लिहितोय.

आधी एक झाड उपटून बघा

कुदळीनं एक झाड मुळासकट काढा, सहा महिन्यांचं तरी असू द्या. जमिनीलगत जाडसर, गाठाळ भाग दिसेल. त्याला बुडखा म्हणू. त्यावर बारीक डोळे असतात, काही पांढुरके, काही हिरवट. विळा फिरल्यावर नवे फुटवे येतात ते मुख्यतः इथून, आणि थोडे वर राहिलेल्या खुंटाच्या बगलेतून.

पानं गेल्यावर अन्न तयार करणारं वर काही उरत नाही. त्यामुळं पहिले दोन-तीन आठवडे फुटवे वाढतात ते मुळात साठवलेल्या पिष्टावर आणि नत्रावर. फुटवा साधारण वीतभर झाला, पानं पसरली, की मग उलटा प्रवाह सुरू होतो आणि पानं मुळाला परत द्यायला लागतात. फुलं येईपर्यंत साठा पुन्हा भरत येतो. काप घेतल्यावर मुळांवरच्या गाठींचं, म्हणजे हवेतलं नत्र धरायचं, कामही एका दिवसात मंदावतं, आणि पूर्ववत व्हायला साधारण पंधरवडा लागतो. धडधाकट झाडाची गाठ फोडली तर आत गुलाबी दिसते. नुकत्याच कापलेल्या झाडाची फिकट दिसते.

आता हिशोब करा. वीस दिवसांनी पुन्हा विळा घातला, तर मुळानं दिलं तेवढं दिलं आणि परत येणार त्याच वेळी आपण ते कापून नेलं. एकदा चालतं. सलग चार वेळा केलं की झाडं बारीक होतात, मधे मधे मरतात, हरळी शिरते. मग आपण बियाणं वाईट निघालं म्हणतो.

टप्पा १ : बियाचे वाफे पेरणीलाच वेगळे काढा

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

आपण घास रोज कापतो. आज हा वाफा, उद्या पुढचा. म्हणजे शेतात एकाच वेळी एक दिवसाचा घास असतो आणि अठ्ठावीस दिवसांचाही. अशा शेतात "आता बियाला सोडू" म्हटलं, तर एका टोकाला शेंगा काळ्या पडून तडकत असतात आणि दुसऱ्या टोकाला फूल उमलत असतं. काढणी कधी करायची? कधीही केली तरी निम्मं बी जातं.

म्हणून चाऱ्याचे वाफे आणि बियाचे वाफे वेगळे. चाऱ्याचं सोपं सूत्र : जितक्या दिवसांनी काप यायला हवा तितके वाफे पाडा. अठ्ठावीस वाफे, रोज एक. बांधावर चुन्यानं आकडे टाका. घरातलं पोरगंसुद्धा मग चुकीच्या वाफ्यात विळा घालत नाही.

बियाला किती सोडायचं? हेक्टरी दोन क्विंटल बी पडलं तर गुंठ्याला दोन किलो होतं. नवीन एक एकर पेरायला साधारण दहा किलो बी लागतं, म्हणजे तेवढ्यासाठी पाच गुंठे. बेताचं उत्पादन धरून सात-आठ गुंठे ठेवा. त्याहून जास्त सोडण्याआधी जनावरं मोजा, कारण बियाला सोडलेला वाफा फेब्रुवारीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत एक पेंढीही देत नाही. सुमारे तीन काप जातात.

कोणते वाफे निवडायचे? दुसऱ्या वर्षाचे, जरा विरळ झालेले. इथं पुष्कळ जण उलटं करतात, सगळ्यात दाट, हिरवागार वाफा बियाला सोडतात. दाट घास चाऱ्याला चांगला. बियाला उन्ह आणि वारा खोडापर्यंत जायला हवा, माशीला फूल दिसायला हवं. दाट वाफा लोळतो आणि खालच्या शेंगा कुजतात. खास बियासाठीच नवीन पेरणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दीड-दोन फुटांच्या ओळी ठेवा आणि बी चाऱ्याच्या निम्मं घ्या.

तपासा : एक फूट लांब, एक फूट रुंद चौकट करा (चार काटक्या बांधल्या तरी झालं), वाफ्यात तीन ठिकाणी टाका आणि आतले फुटवे मोजा. पंचावन्नच्या वर असतील तर तो वाफा चाऱ्याला ठेवा. चाळीसच्या खाली गेला असेल तर चाऱ्यासाठी तो उतरणीला लागला. मुळं शाबूत असतील तर बियाला तो चालेल.

सावध : जुन्या घासातल्या मोकळ्या जागी घासाचंच बी विस्कटू नका. जुनी झाडं जमिनीत अशी द्रव्यं सोडतात की त्याच पिकाची रोपं तिथं नीट वाढत नाहीत. बी उगवतं, पिवळं पडतं आणि जातं. तिथं दुसरं काही लावा.

टप्पा २ : चाऱ्याचे काप हिशोबात घ्या

बियाचा वाफासुद्धा जानेवारीपर्यंत चाराच देत असतो. तोपर्यंत तो खंगवला तर फेब्रुवारीत त्याच्याकडून काही मागू नका.

पहिला काप पेरणीनंतर पंचावन्न-साठ दिवसांनी. त्याआधी घेऊ नका, मूळ खोल गेलेलं नसतं. पुढचे काप पंचवीस ते तीस दिवसांनी. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा तीस-पस्तीस दिवसही लागतात.

पुस्तकात 'दहा टक्के फुलं दिसली की कापा' असं असतं. सूत्र बरोबर आहे, पण आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असतो आणि घास फुलायला बघत नाही. फुलांची वाट बघत बसलात तर खालची पानं पिवळी होऊन गळतात. तेव्हा बुडख्याकडं बघा. जुन्या खोडांच्या बुडाशी नवे फुटवे इंचभर वर आलेले दिसले की काप तयार. ते तीन-चार इंच झाले तर उशीर झाला, कारण आता विळ्याखाली तेही जाणार आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार.

उंची : जमिनीपासून तीन इंच सोडा. मजूर उक्त्यात असला की विळा मातीला घासून फिरवतो, दोन पेंढ्या जास्त भरतात म्हणून. त्या दोन पेंढ्यांत बुडख्याचे डोळे असतात. मी सरळ चार बोटं दाखवून सांगतो, एवढं खाली ठेवायचं. विळ्याला धारही हवी. बोथट विळ्यानं झाड ओढलं जातं आणि काळी जमीन भेगाळलेली असली तर मूळच तुटतं.

ही उंची सगळ्या द्विदल चाऱ्यांना लावू नका. डोळे कुठं आहेत त्यावर ती ठरते. दशरथ घास झुडपासारखा, खोडावरून फुटणारा. तो जमिनीलगत कापला तर फुटायला महिना घेतो. पहिला काप तीन महिन्यांनी, तोही दीड फूट खोड ठेवून. माळावरच्या स्टायलोला (हाही कुरणात पेरतात तो द्विदल चाराच) पहिल्या पावसाळ्यात शेळ्या लावूच नका. नंतरही वीतभर ठेवून कापा, आणि फुलं यायला लागली की बंद करा, कारण ते कुरण पुढच्या वर्षी आपल्याच गळालेल्या बियांवर उभं राहतं. चाऱ्याची चवळी तर एकाच कापाची. तिच्या मुळात साठा नसतो, तेव्हा कापून परत बी येईल ही आशा सोडा.

पाण्याचा क्रम : कापाच्या पाच-सहा दिवस आधी पाणी, वापशावर (ओल आहे पण पाय रुतत नाही तेव्हा) काप, मग दोन-तीन दिवस थांबून पुढचं पाणी. ओल्या काळ्या रानात माणसं फिरली की जमीन दाबली जाते, बुडखे चेंगरतात. आणि कापल्या कापल्या भर उन्हात पाणी तुंबवलं तर खुंट कुजतात.

खत : पेरताना हेक्टरी २० किलो नत्र, ८० किलो स्फुरद, ४० किलो पालाश. स्फुरदाचा हिशोब एकराला सिंगल सुपर फॉस्फेटची चार पोती. प्रत्येक कापाला युरिया फेकायची सवय मात्र सोडा. घास हिरवा दिसतो खरा, पण फुकट मिळालेलं नत्र बघून मुळांवरच्या गाठी आळसावतात आणि लव्हाळा माजतो. तो पैसा स्फुरदाला घाला.

सावध : घाई करून कापलेला वीस दिवसांचा कोवळा, दवानं ओला घास उपाशी जनावरापुढं टाकू नका. पोट फुगतं. आधी कडबा, मग घास, तोही सुकवून.

टप्पा ३ : शेवटचा काप

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. सोलापूर भागात बियासाठी शेवटचा काप जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य एवढ्यातच घ्या. माघी एकादशीच्या आगेमागे म्हटलं तरी चालेल, पण तिथी मागंपुढं सरकते, तेव्हा कॅलेंडरची तारीखच धरा.

का, ते मोजून बघा. ५ फेब्रुवारीला काप घेतला तर पस्तीस-चाळीस दिवसांनी, म्हणजे मार्चच्या मध्याला फूल सुरू होतं. मार्चअखेर भर फुलोरा. त्यापुढं चार-पाच आठवड्यांत शेंग पिकते. एप्रिलचा शेवट, मेचा पहिला आठवडा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बी खळ्यावर.

आता हाच काप २५ मार्चला घ्या. फुलोरा एप्रिलच्या शेवटी येतो, पारा चाळिशीच्या वर. फुलं येतात, भरपूर येतात, पण परागकण तापतात, फूल गळतं, माशी दुपारी फिरकत नाही. ज्या थोड्या शेंगा धरतात त्या मेच्या शेवटी पिकतात आणि तेव्हा वळीव डोक्यावर असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका वर्षी कडबा संपला होता, म्हशी दुधात होत्या, म्हणून फेब्रुवारीच्या कापानंतर "हा एकच" म्हणत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणखी एकदा घेतला. घास परत आला, गुडघ्याच्या वर गेला, जांभळा झाला. वाटलं, जमलं. आठ गुंठ्यांतून सगळं उफणून जे बी निघालं ते घरातल्या स्टीलच्या मधल्या डब्यात मावलं, आणि त्यातलंही निम्मं चिरमटलेलं, तपकिरी. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी तीन काप घालवले?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

उलट टोकाची चूकही होते. डिसेंबरातच वाफा सोडतात. थंडीत तो फुलत नाही, नुसता वाढतो, लोळतो, मावा धरतो. लवकर सोडून बी लवकर येत नाही.

शेवटच्या कापाचे नियम दोन. बियाचे सगळे वाफे एका दिवसात, फार तर दोन दिवसांत कापा. चारा एकदम जास्त निघेल, तो पातळ पसरून सावलीत वाळवा. उन्हात कडक वाळवला तर पानं झडून काड्या उरतात, आणि घासाची ताकद पानात असते. दुसरं, हा काप सगळीकडं सारख्या उंचीवर. सहा इंच सोडलेला खुंट बगलेतून लवकर फुलतो, तीन इंचांचा बुडख्यातून उशिरा. वाफा एकसारखा पिकत नाही.

तपासा : कापाच्या आधी दोन झाडं उपटून मूळ उभं चिरा. आत पांढरं, घट्ट, रसरशीत असेल तर सोडा बियाला. तपकिरी, पोकळ, दोरीसारखं चिवट लागलं तर त्या झाडाचा साठा संपलाय. अशी झाडं जास्त दिसली तर हे वर्ष बी विसरा. एक काप चुकवून घास पूर्ण फुलू द्या, मुळं भरू द्या.

टप्पा ४ : कापानंतरचे वीस दिवस

वाफा उघडा असतो तेव्हाच खुरपणी उरकून घ्या. नंतर पाय ठेवायलाही जागा नसते.

या दिवसांत शोधायची ती अमरवेल. पिवळे, केशरी, शेवयांसारखे धागे घासाला गुंडाळलेले दिसले की हातानं ओढत बसू नका, तुटलेला तुकडा परत धरतो. तेवढा टापू आजूबाजूच्या हातभर घासासकट अगदी जमिनीलगत कापा, पोत्यात भरा, शेताबाहेर जाळा. जनावराला घालू नका, शेणातून बी परत येतं. चाऱ्याच्या वाफ्यात अमरवेल हे नुकसान. बियाच्या वाफ्यात ती म्हणजे ते बी विकता येत नाही आणि स्वतःही पेरू नये. तिचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं.

पाणी : कापानंतर एक चांगलं पाणी, दुसरं कळ्या दिसताना. भारी काळ्या जमिनीत मधलं अंतर वीस-पंचवीस दिवस ताणता येतं. मुरमाड रानात तेवढा दम नाही, तिथं पंधरा दिवसांनी हलकं द्या.

मावा याच दिवसांत येतो. चाऱ्याच्या वाफ्यात त्याचं औषध विळाच, चार दिवस आधी कापून टाकायचं. बियाच्या वाफ्यात ते करता येत नाही. शेंडे चिकट दिसले तर पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, कळ्या उमलण्याआधी. ठिपक्यांचे ढालकिडे भरपूर दिसत असतील तर दोन दिवस हात आवरा, ते मावा खाऊन आपलं काम करतात. यापुढं जे काही फवाराल त्यानंतर त्या वाफ्यातली एक काडीही गव्हाणीत जाता कामा नये.

टप्पा ५ : फुलोरा आणि माशी

घासाचं एक फूल तोडून हातात घ्या. खालच्या दोन जुळलेल्या पाकळ्यांमध्ये गवताची काडी घालून हलकं दाबा. आतला दांडा टचकन् उसळून वरच्या मोठ्या पाकळीवर आपटतो. हे उसळणं झालं तरच शेंग चांगली धरते. आपोआप उसळलेली फुलं थोडी असतात आणि त्यांत बी कमी भरतं.

हे काम माशीचं. पण सगळ्या माश्या सारख्या नाहीत. पेटीतली मधमाशी दोन-चार वेळा तोंडावर दांडा खाल्ला की शहाणी होते आणि फुलाच्या बाजूनं सोंड घालून मध पिऊन जाते. मध तिला मिळतो, आपल्याला शेंग मिळत नाही. पान कातरणाऱ्या रानमाश्या मात्र सरळ समोरून शिरतात. गुलाबाच्या, बोगनवेलीच्या पानाला कडेनं गोल तुकडा कापलेला दिसतो ना, ते यांचंच काम. म्हणून बांधावरची झुडपं आणि पोकळ काड्या मार्चात साफ करून पेटवू नका. तिथंच त्यांची घरं असतात.

तपासा : सकाळी दहा ते बारा यात वाफ्यात उभे राहा. दहा तुरे बघा. उसळलेलं फूल मिटल्यासारखं, मलूल दिसतं. न उसळलेलं टवटवीत असतं आणि दोन-तीन दिवस तसंच राहतं. म्हणजे उलटंच आहे सगळं. वाफा दिवसेंदिवस जांभळा, ताजातवाना, देखणा दिसतोय तर समजा माशी नाही. चांगलं बी धरणारा वाफा दुपारनंतर जरा कोमेजलेलाच दिसतो.

आपल्या जिल्ह्यातली खास अडचण डाळिंब. आंबे बहार धरलेल्या बागेला फुलं येतात त्याच फेब्रुवारी-मार्चात फवारण्या चालू असतात, आणि शेजारच्या बागेचा तुषार वाऱ्यानं आपल्या फुलोऱ्यावर येतो. भांडून उपयोग नाही. फूल सुरू होण्याआधीच शेजाऱ्याकडं जा, माशी घरी गेल्यावर, सूर्य मावळता फवारा एवढीच विनंती करा. डाळिंबालाही माशी लागतेच, त्यामुळं बहुतेक जण ऐकतात.

पाणी इथं हात राखून. फुलोऱ्यात पाणी जास्त झालं की झाड फुलं टाकतं आणि बुडख्यातून नवे हिरवे फुटवे काढतं. दुपारी पानं जरा काळपट दिसली आणि संध्याकाळी पुन्हा तरतरीत झाली, तर तेवढा ताण बरोबर आहे. सकाळीही मान टाकलेली दिसली तर पाणी द्या.

टप्पा ६ : आता एक पानही कमी करू नका

फूल यायच्या आधी थोडी पानं गेली तरी घास भरून काढतो, नवे फुटवे येतात, फार तर आठवडा मागं पडतो. फुलोऱ्यात शेंडे गेले की तुऱ्यांच्या जागाच जातात. नंतर फूल आलंच तर ते उन्हाच्या तोंडी. आणि शेंग भरताना पान गेलं तर भरपाई नाही. शेंगा तेवढ्याच दिसतात, पण बी बारीक, चपटं, वजनाला हलकं, आणि उगवण कमी. शेंगेत जे भरतं ते बहुतेक त्याच वेळच्या पानांनी केलेलं असतं. मुळातला साठा तोवर फुटव्यांवर खर्च झालेला असतो.

या काळात वाफ्याला चार धोके. अळी : सकाळी तुरे हातावर झटकून बघा, घाटे अळी शेंगेला भोक पाडते. मोकाट शेळी : कुंपणाला बोरी-बाभळीची फांदी लावाच. पाण्याचा जादा ताण : खालची पानं पिवळी होऊन गळतात. चौथा धोका आपण स्वतः. "वरवरचा हातभर शेंडा काढून घेऊ, म्हशीला एक दिवस होईल, खालून शेंगा येतीलच" असं म्हणून विळा चालवणारे मी पाहिलेत. तो वरचा हातभर म्हणजेच बी.

टप्पा ७ : काढणी

घासाची शेंग गोगलगायीच्या शिंपल्यासारखी, दोन-तीन वेढ्यांची. हिरवी, मग पिवळट, मग तपकिरी-काळी. सगळ्या काळ्या व्हायची वाट बघाल तर आधीच्या तडकून जातात. तीनातल्या दोन शेंगा काळ्या-तपकिरी झाल्या की काढा.

पहाटे, दव असताना कापा. ऊन चढल्यावर विळ्याच्या झटक्यानं शेंगा झडतात. कापलेलं सरळ ताडपत्रीवर, जमिनीवर ढीग नको. तीन-चार दिवस उलटंपालटं करून वाळवा. ढगाळलं तर झाका. भिजलेलं बी काळवंडतं आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

मळणी काठीनं बडवून किंवा ताडपत्रीवर ट्रॅक्टर हळू फिरवून. ज्वारीच्या मळणीयंत्रात तशाच वेगानं टाकू नका, बी फुटतं. शेंग कडक असते, एका मळणीत सगळं बी सुटत नाही. भुसा परत वाळवून दुसऱ्यांदा बडवा. मग वाऱ्यावर उफणणं, सूप आणि बारीक चाळणी. चाळणीतून खाली पडलेलं चुरीबरोबर बांधावर फेकू नका, अमरवेलीचं बी घासाच्या बियाहून बारीक असतं आणि असलं तर त्यातच असतं. जाळून टाका.

चांगलं बी पिवळसर, जरा हिरवट झाक असलेलं, मूत्रपिंडाच्या आकाराचं आणि चमकदार. तपकिरी, सुरकुतलेलं बी वेगळं काढा.

टप्पा ८ : उगवण बघा, मगच कोणाला द्या

मोजून शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठ-दहा दिवसांनी उलगडा. तीन ढीग करा : मोड आलेल्या, कुजलेल्या आणि अजून कडक, न फुगलेल्या. तिसरा ढीग मेलेला नाही, त्याची साल पाणी आत घेत नाही एवढंच. ताज्या बियात असं बी बरंच निघतं. पेरणीआधी ते खरबरीत फडक्यात वाळूबरोबर हलकं चोळलं की साल खरवडते. जोरात चोळाल तर डाळ होईल.

पूर्ण वाळलेलं बी दाताखाली कटकन् फुटतं. तसं झालं की मगच डब्यात भरा. डब्यावर जात, साल आणि शेवटच्या कापाची तारीख लिहा.

वाफा पुन्हा चाऱ्यावर आणताना

बी काढल्यावर उभी राहिलेली वाळकी धाटं चार बोटांवर साफ करा, पाणी द्या, स्फुरद द्या. लगेच चारा मागू नका. बी देऊन झाड रिकामं झालेलं असतं, त्यात मेचं ऊन. पहिला काप चाळीस दिवसांच्या आत नको, त्याला थोडी फुलं येऊ द्या. पावसाळ्यात काळ्या रानात पाणी साचत असेल तर वाफ्याच्या खालच्या टोकाला चर आत्ताच काढून ठेवा. सलग दुसऱ्या वर्षी त्याच वाफ्याचं बी धरू नका. शेजारचे चाऱ्याचे सात-आठ वाफे पुढच्या माघासाठी आजच ठरवून त्यांच्या बांधावर चुन्याची खूण करून ठेवा.